बरणीतली जिवाणूंची साखर आणि माझी आखडलेली बोटं

गराडूप्रेमी, इंदूर | रात्री ११:२०

मंडळी बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, लांबलाय, सांभाळून घ्या.

मला आरए आहे, म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिस (ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर चालून जाते), आईच्या भाषेत 'तो मेला आमवात'. सहा वर्षं झाली. शनिवारी रात्री मेथोट्रेक्सेट, रविवारी फॉलिक ॲसिड, रोज दोन वेळा सल्फासालाझिन, असं माझं पंचांग. सकाळी तासभर बोटं अशी आखडलेली असतात की कुकरचं झाकण नवरा लावतो आणि डब्याच्या पोळ्या सासूबाई लाटतात, पण दहानंतर गाडी रुळावर येते, ऑफिसला जाते, सीआरपी (रक्तातला सुजेचा आकडा) सध्या खाली आहे. रडायला नाही आले.

तर झालं असं की दिवाळीत सुदामा नगरला मामेबहिणीकडे फराळाला गेले, तिथे तिच्या शेजारच्या काकू बसल्या होत्या. माझी बोटं बघितली आणि पर्समधून पत्रकच काढलं. म्हणाल्या, 'ऑटोइम्यून ना? आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंची साखर असते, ती घेतली की सूज मुळापासून शांत, तीन महिन्यांत गोळ्या सुटतील बघ.' बरणी ३,४०० ची. मी काही बोलायच्या आत बहिणीने पैसे देऊन टाकले, दिवाळीची भेट म्हणे. आता ती दर दोन दिवसांनी फोन करून विचारते, सुरू केलं का, सुरू केलं का.

पत्रकावर लिहिलंय 'मित्र जिवाणूंच्या कवचातली साखर ऑटोइम्यून शांत करते, हार्वर्डमध्ये सिद्ध, कोरियन संशोधन'. खाली ठळक अक्षरात 'इम्युनिटी बूस्टर'. घटक: बीटा ग्लुकॅन, बिफिडोबॅक्टेरियम, इन्युलिन, स्टीव्हिया.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला 'ले लो दीदी, नुकसान तो कुछ है नहीं'. डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यात. मला साधा प्रश्न विचारायचाय, ही जिवाणूंची साखर वगैरे नुसती थाप आहे की यात खरंच काही आहे? कारण थाप असेल तर बहिणीला तोंडावर सांगता येईल, पण खरं असेल तर माझा जीव उगाच वरखाली होणार.

होळकरी_बाणा, इंदूर | ११:४१

३,४०० ची साखर?? एवढ्यात आख्खं खानदान छप्पनवर खाऊन वर सराफ्यात रबडी हाणून येईल. ताई बरणीचं सील फोडलंय का? नसेल तर तसंच ठेवा. बाकी शास्त्र बडोद्याच्या मॅडम सांगतील, येतीलच आता, साखर म्हटलं की मुंग्या आणि जिवाणू म्हटलं की मॅडम.

पेट्रीडिश, बडोदा | १२:०८

आले आले. उद्या सकाळी साडेआठचं लेक्चर आहे तरी लिहितेय म्हणजे बघा.

गराडू, तुझा जीव वरखाली होणारच कारण उत्तर दोन्ही आहे. साखर खरी आहे. बरणी थाप आहे. पण मला साखरेबद्दल आधी सांगू दे, कारण ही गोष्ट मला फार आवडते आणि वर्गात सांगते तेव्हा मुलं मोबाईलमध्ये असतात.

पहिलं म्हणजे इथे साखर म्हणजे चहातली नाही. जिवाणूच्या अंगावर साखरेच्या लांबच लांब साखळ्यांचा कोट असतो, पॉलिसॅकराइड म्हणतात. गोड वगैरे काही नाही. तो त्याचा गणवेश समज, आपली प्रतिकारशक्ती बऱ्याचदा त्या गणवेशावरूनच ठरवते की हा कोण आलाय.

आता मोठ्या आतड्यात बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिस नावाचा एक प्राणी राहतो. संख्येने तिथल्या वस्तीत अगदी किरकोळ. पण अपेंडिक्स फुटलं किंवा आतड्याला भोक पडलं की पोटात जो पू साठतो, त्यात हवा न लागता जगणाऱ्या जिवाणूंमध्ये सगळ्यात जास्त सापडतो तो हाच. मग हार्वर्डला डेनिस कॅस्पर आणि त्यांच्या लोकांनी शोधलं की बाबा याच्यात असं काय आहे, तर गळू तयार होण्यामागे याच्या कवचातली एक साखर निघाली, पॉलिसॅकराइड ए, पीएसए. (पुरुषांची प्रोस्टेटची पीएसए टेस्ट ती वेगळी, दरवर्षी एक तरी पोरगं परीक्षेत घोळ घालतं.) म्हणजे लक्षात घे, या साखरेची पहिली ओळख खलनायक म्हणून झाली.

गंमत पुढे आहे. आमच्या पुस्तकात एक ओळ होती, मी स्वतः कित्येक वर्षं फळ्यावर लिहिली, की टी पेशींना (प्रतिकारशक्तीच्या शिपाई पेशी) फक्त प्रोटीनचे तुकडे वाचता येतात, साखर वाचता येत नाही. म्हणूनच नुसत्या साखरेची लस दोन वर्षांखालच्या बाळांना नीट लागत नाही, साखरेला प्रोटीन बांधावं लागतं. टायफॉइडची कंजुगेट लस देतात ना मुलांना, त्यात टायफॉइडच्या जिवाणूच्या कवचातली साखर धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला (निरुपद्रवी केलेल्या विषाच्या प्रोटीनला) जोडलेली असते, न्यूमोकोकलची पण तीच तऱ्हा. आणि इथे ही पीएसए, चार साखरांचा एकेक मणी, त्यातल्या प्रत्येक मण्यावर धन भार पण आणि ऋण भार पण. त्या दुहेरी भारामुळे आपल्या पेशी तिला गिळतात, तिचे तुकडे करतात आणि प्रोटीनसारखी ताटात वाढून टी पेशीसमोर ठेवतात. २००४ मध्ये हे छापून आलं तेव्हा मी ती फळ्यावरची ओळ पुसली. खरंच पुसली, आता 'बहुतेक वेळा' असं जोडून लिहिते.

मग २००५. सार्किस मझमानियन तेव्हा कॅस्परांकडे होते. जन्मापासून एकही जिवाणू न लागलेले उंदीर असतात, बंद निर्जंतुक पेटीत वाढवलेले, त्यांची प्रतिकारशक्ती अर्धवट राहते, सीडी४ जातीच्या टी पेशी कमी. त्यांना हा एकटा जिवाणू दिला तर गाडी बरीचशी रुळावर आली. तोच जिवाणू पण पीएसए बनवता न येणारा दिला तर नाही आली. एका जिवाणूच्या एका साखरेवर एवढं! २००८ मध्ये त्यांनीच दाखवलं की हेलिकोबॅक्टर हेपॅटिकसमुळे उंदरांच्या आतड्याला जी सूज येते ती पीएसए दिल्यावर आटोक्यात राहते, आणि ते होतं आयएल-१० नावाच्या निरोपामुळे, जो टी पेशी सोडतात. आयएल-१० म्हणजे भांडणात मध्ये पडून 'झालं, बसा आता खाली' म्हणणारा घरातला मोठा माणूस. २०१० मध्ये मेंदूतल्या मज्जातंतूंच्या आवरणाच्या आजारावर, मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार उंदरांत मुद्दाम करतात त्यावर, पण पीएसएचा उपयोग दिसला.

उरलेलं उद्या, झोप आली.

रामबागेतली_मामी, इंदूर | सकाळी ६:५०

पेट्रीडिश बाई छान लिहिलंस गं, अर्धं कळलं. पण मी म्हणते एवढं कशाला, आमच्याकडे रोज ताक होतं, अंबील होती, शिळ्या भाकरीचा दहीकाला होता, कुणाला ऑटोइम्यून का काय ते ऐकलं नव्हतं. आता सगळं पाकिटातलं खातात आणि मग जिवाणू पण पाकिटातले आणतात.

शंकासुर, इंदूर | ७:१५

मामी नमस्कार. ऐकलं नव्हतं कारण नाव नव्हतं. माझ्या आजीची बोटं वाकडी होती, सगळे 'वाताने झाली' म्हणायचे, कोपऱ्यात बसून जपमाळ ओढायची ती पण मनगटाने. आता फोटो बघतो तर सरळ सरळ आरए आहे. अंबील तीही पीत होती.

आणि गराडूताई, पत्रकातच उत्तर आहे की. वर लिहिलंय ऑटोइम्यून शांत करते आणि खाली लिहिलंय इम्युनिटी बूस्टर. तुमचा आजारच असा की प्रतिकारशक्ती जास्तीची शहाणी होऊन स्वतःच्याच सांध्यांवर चालून गेलीये, तिला अजून बूस्ट करायचं? म्हणजे घरात चोर समजून नवऱ्याला लाठीने मारणाऱ्या चौकीदाराला बंदूक घेऊन देण्यासारखं. एकाच पानावर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही विकून राहिले.

मळीवाला, मुक्काम सध्या इंदूर | ९:३०

नमस्कार, मी या विषयातला नाही, पण जिवाणूंची साखर म्हटल्यावर राहवलं नाही. अहमदनगर जिल्ह्यात साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून नोकरी केली, निवृत्त होऊन आता मुलीकडे स्कीम नंबर ७८ ला असतो. आम्हाला जिवाणूंच्या साखरेने आयुष्यभर छळलं. ऊस तोडून तीन-चार दिवस गाडीत पडला, वर पाऊस झाला, की ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू त्यात घुसतो आणि उसाच्या साखरेपासून डेक्स्ट्रान करतो. रस बुळबुळीत होतो, गाळणी तुंबते, पॅनमध्ये दाणा चौकोनी यायच्या ऐवजी लांबट सुईसारखा यायला लागतो आणि पॅनमन बोंब मारतो. गंमत अशी की तेच डेक्स्ट्रान शुद्ध करून दवाखान्यात सलाइनच्या बाटलीतून देतात, रक्तस्राव झालेल्या माणसाला. आमच्याकडे घाण, तिकडे औषध. म्हणून मॅडम म्हणाल्या ते मला लगेच पटलं, खलनायक की नायक ते कुठे बसलाय यावर आहे.

पेट्रीडिश, बडोदा | दुपारी १:१०

मळीवाले काका, क्या बात है! हे मी उद्या वर्गात वापरणार, सांगून ठेवते. दह्याला कधीकधी तार सुटते ना, चमच्याबरोबर लांबते, ती पण दह्यातल्या जिवाणूंची साखरच. आणि झँथन गम, आइस्क्रीम आणि सॉसच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरात असतं, ते झँथोमोनास नावाच्या जिवाणूपासून. म्हणजे जिवाणूंची साखर आपण खातोच, त्यात विशेष नाही. प्रश्न कुठली साखर हा आहे.

मामी, ताक चांगलंच आहे पण ज्याच्याबद्दल मी रात्री लिहिलं तो फ्रॅजिलिस ताकात सापडायचा नाही, त्याला हवा चालत नाही, तो आतड्याच्या अंधारातच राहणारा. तुमच्या अंबिलीचा फायदा वेगळ्या रस्त्याने, ज्वारी-नाचणीचा चोथा मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले जिवाणू तो आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं करतात आणि ती आम्लं पण शांत करणाऱ्या टी पेशी वाढवतात, हे २०१३ मध्ये उंदरांत दिसलं. उलट चोथा मिळालाच नाही तर काही जिवाणू आतड्याच्या आतल्या शेंबडासारख्या थरातली साखर खायला लागतात, तो थर पातळ होतो. घरात किराणा संपला की भिंती खरवडायच्या तसं.

आता त्या शांत करणाऱ्या टी पेशी. यांना रेग्युलेटरी टी पेशी म्हणतात, टी-रेग. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल याच शोधाला मिळालं, शिमोन साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल. पीएसए आपलं काम बऱ्याच अंशी याच टी-रेगना कामाला लावून करते.

आणि आता गराडू नीट वाच, कारण हे तुझ्या बरणीबद्दल आहे. त्याच साकागुचींनी उंदरांची एक जात वर्णन केली, एसकेजी नाव. त्यांच्या टी पेशीतल्या एका जीनमध्ये दोष आहे आणि त्यांना माणसाच्या आरएसारखा संधिवात होतो. पण गंमत बघ, अगदी स्वच्छ पेटीत ठेवले तर होत नाही, ते उंदीर छान धावतात. मग त्यांच्या पोटात बीटा ग्लुकॅन टोचलं, यीस्टमधलं किंवा कर्डलान नावाचं जिवाणूंपासून मिळणारं, की सांधे सुजतात. संधिवात सुरू करायची किल्ली म्हणून प्रयोगशाळेत जी साखर वापरतात तिच्याच घराण्यातली साखर तुझ्या बरणीत पहिल्या नंबरला आहे. ते टोचलं होतं आणि तू खाणार, हा मोठा फरक आहे, ओट्समध्येही बीटा ग्लुकॅन असतं आणि ओट्स खाऊन कुणाचे सांधे सुजत नाहीत, त्याची जोडणीच वेगळी. मी तुला घाबरवत नाहीये. माझं म्हणणं एवढंच की 'साखर शांत करते' हे वाक्यच अर्धवट आहे. साखरेचा मणी कुठला, जोड कुठे, कुठल्या वाटेने आत गेली, समोर कुठली पेशी होती, यावर सगळं फिरतं.

लष्करवाला, ग्वाल्हेर | २:४५

मी पण याच पंगतीतला. अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस (पाठीच्या कण्याचा संधिवात), त्याच्याशी जोडलेला एचएलए बी-२७ जीन पॉझिटिव्ह, वय ३६, सूज दाबणारं ॲडालिमुमॅबचं बायोसिमिलर इंजेक्शन दर १५ दिवसांनी. पाठीचा कणा सकाळी दरवाजाच्या बिजागरीसारखा करकरतो.

बरणी वगैरे मी पण केलंय म्हणून लिहितो. तीन वर्षांपूर्वी एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून एक पावडर सुरू केली आणि बरं वाटतंय म्हणून इंजेक्शन बंद केलं. बरं वाटत होतं ते आधीच्या इंजेक्शनमुळे हे कळायला दीड महिना लागला. दोन महिन्यांनी एके दिवशी उठलो तर मान फिरेना आणि उजवा डोळा लाल, दुखरा, उजेड सहन होईना. युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज. डोळ्यात थेंब, स्टेरॉइड, १२ दिवस अंधाऱ्या खोलीत. ज्या दवाखान्यात नेलं तिथल्या पहिल्या डॉक्टरने डोळे आलेत म्हणून परत पाठवलं ते वेगळंच. पावडरवाल्याला फोन केला तर म्हणे 'विष बाहेर पडून राहिलं आहे, चालू ठेवा'.

बहिणीचा राग करू नका ताई, ती प्रेमानेच आणते. पण मेथोट्रेक्सेट सोडू नका.

पेट्रीडिश मॅडम एक विचारू? मला सांगितलं जातं की माझं आतडं आणि माझी पाठ यांचा संबंध आहे. तर ही साखर उलट्या बाजूनेही वागते का, म्हणजे सूज वाढवणारी?

निरामय_पथ | ३:२०

इथे सगळे नकारात्मक बोलत आहेत. मी स्वतः या क्षेत्रात ७ वर्षं आहे, शेकडो लोकांना फरक पडला आहे. हे केमिकल नाही, नैसर्गिक आहे. बिफिडोबॅक्टेरियमच्या साखरेवर कोरियात २०१८ मध्ये संशोधन झालंय ते मॅडमनी का नाही सांगितलं? ज्यांना पाहिजे त्यांनी खालच्या लिंकवर

*(लिंक काढली आहे. इथे विक्री नको. चर्चा करा, स्वागत आहे. – धाग्याची राखणदारीण)*

पेट्रीडिश, बडोदा | संध्याकाळी ७:३५

लष्करवाला, वागते. आतड्यात रुमिनोकॉकस नेव्हस नावाचा एक असतो, क्रोन्सच्या (आतड्याच्या सुजेचा आजार) रुग्णांमध्ये आजार उफाळला की याची संख्या वाढलेली दिसते. २०१९ मध्ये त्याची एक साखर ओळखली गेली, ऱ्हॅमनोज आणि ग्लुकोजची, आणि ती पेशींना टीएनएफ सोडायला लावते. टीएनएफ म्हणजे सूज वाढवणारा निरोप, तुमचं इंजेक्शन ज्याला धरून बसतं तोच. म्हणजे एका जिवाणूची साखर आयएल-१० मागवते आणि दुसऱ्याची टीएनएफ. दोघेही तुमच्या आमच्या पोटातलेच भाडेकरू.

निरामय, कोरियाचं सांगते, लपवायचं काही नाही. २०१८, पोहांगच्या मंडळींचं काम, बिफिडोबॅक्टेरियम बिफिडमच्या अंगावरची साखर काढून, शुद्ध करून उंदरांना दिली, टी-रेग वाढले, आतड्याची सूज कमी झाली. मी तो पेपर विद्यार्थ्यांकडून वाचून घेतलाय, सुंदर काम आहे. पण तो बिफिडमचा एक ठरावीक वाण, त्यातून वेगळी काढलेली साखर, आणि उंदरांचं आतडं. तुमच्या बरणीवर फक्त 'बिफिडोबॅक्टेरियम' लिहिलंय. हे म्हणजे पाकिटावर नुसतं 'आंबा' लिहून हापूसचे पैसे घेण्यासारखं. वाण बदलला की कवचातली साखर बदलते, कधीकधी तर एकाच वाणाचा तोच जिवाणू कपडे बदलावे तशी साखर बदलतो. आपला फ्रॅजिलिसच घ्या, त्याच्याकडे कमीत कमी आठ प्रकारचे कोट आहेत आणि तो ते चालू-बंद करत असतो. त्याचेच काही वाण विष सोडतात आणि जुलाब करतात.

नैसर्गिक म्हणाल तर टायफॉइडचा जिवाणू पण नैसर्गिकच आहे हो.

शंकासुर | ७:५०

हापूस 😂😂

निरामय भाऊ एक काम करा, बरणीची मागची बाजू वाचा. फूड सप्लिमेंट म्हणून विकत असाल तर 'औषधी उपयोगासाठी नाही' असं छापणं एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा खातं) नियमात आहे. पुढच्या बाजूला आजार जातो म्हणायचं आणि मागच्या बाजूला औषध नाही म्हणायचं. आणि १९५४ चा ड्रग्स अँड मॅजिक रेमिडीज कायदा अजून जिवंत आहे, ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करता येत नाही त्या यादीत संधिवात आहे.

निरामय_पथ | ८:०५

मी हा धागा सोडत आहे. ज्याची त्याची श्रद्धा.

गराडूप्रेमी, इंदूर | रात्री १०:१५

ऑफिसातून आल्यावर आधी बरणीची मागची बाजू बघितली. आहे! 'नॉट फॉर मेडिसिनल यूज', एवढं बारीक की मोबाईलने फोटो काढून मोठा करावा लागला.

सगळ्यांचे आभार. लष्करवाला, तुमचं वाचून पोटात गोळा आला, डोळा ठीक आहे ना आता?

पण पेट्रीडिश एक कबूल करते, मला थाप असलेली परवडली असती. तू साखर खरी आहे म्हणालीस तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. २००५ म्हणजे माझं लग्न झालं ते वर्ष. इतक्या वर्षांत माणसांसाठी गोळी का नाही आली मग? उंदरांचं सगळं चांगलं होतं गं नेहमी, माणसांचीच का रांग लांब?

पेट्रीडिश, बडोदा | १०:५०

प्रश्न रास्त आहे आणि माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा बरा आहे.

एक तर पेटीतले उंदीर सगळे जुळ्या भावांसारखे, एकच खाणं, एकच जीन, आजार पण आपण तारीख ठरवून दिलेला. बऱ्याच प्रयोगांत साखर आजाराच्या आधी किंवा अगदी सुरुवातीला दिलेली असते. तू सहा वर्षं आजारी आहेस, तुझ्या सांध्यांची भांडणं जुनी आहेत, भांडण सुरू व्हायच्या आधी समजूत घालणं आणि वाटण्या झाल्यावर समजूत घालणं यात फरक असतो की नाही.

दुसरं, ही साखर बनवणं. हवा न लागता जिवाणू वाढवायचे, त्यांच्या अंगावरून साखर सोलायची, आणि त्यात त्याच जिवाणूच्या भिंतीतलं लिपोपॉलिसॅकराइड कणभरही राहू द्यायचं नाही, कारण ते स्वतःच सूज आणतं. रसायनशाळेत चार साखरांचा मणी जोडणं हेच लोकांचं पीएचडीचं काम असतं, मग शेकडोंची माळ कधी ओवायची. मळीवाले काका, तुम्हाला कळेल, तुमच्याकडे सल्फिटेशन करून साखर पांढरी करता ना, त्याच्या हजारपट कटकट.

आणि तिसरं तेच पहिल्या रात्रीचं, गळू. आतड्यात असताना ही साखर शांती आणते आणि आतड्याबाहेर पोटात सांडली तर गळू. तुझ्यासारखी बाई, जिची प्रतिकारशक्ती आधीच गोळ्यांनी दाबलेली आहे, तिला हे द्यायच्या आधी माणसांवर टप्प्याटप्प्याने चाचण्या करणं भाग आहे. माणसाच्या रक्तातल्या पेशींवर काचेच्या भांड्यात करून बघितलंय, तिथे आयएल-१० सोडणाऱ्या टी-रेग वाढलेल्या दिसल्या, म्हणजे आपल्या पेशींनाही ती भाषा कळते. हे मला स्वतःला आशा वाटण्यासारखं वाटतं. पण भांड्यातली पेशी आणि सकाळी कुकर न उघडणारी गराडू यांच्यामध्ये बराच रस्ता आहे.

मळीवाला | ११:०५

सल्फिटेशनचं अगदी बरोबर. शिवाय आमचा माल बिघडला तर दर पडतो, इथे माणूस.

लष्करवाला, ग्वाल्हेर | ११:१२

डोळा ठीक आहे ताई, सहा महिन्यांनी एकदा दाखवून येतो.

पेट्रीडिश, बडोदा | ११:२०

अगं गराडू, एक राहिलंच, मघापासून तुझ्या पहिल्या पोस्टमधली एक ओळ डोक्यात होती. तू रोज दोन वेळा सल्फासालाझिन घेतेस ना?

१९४० च्या आसपास स्वीडनमध्ये नाना स्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरबाईंनी ती गोळी संधिवातासाठीच करवून घेतली. त्यांना वाटायचं संधिवात संसर्गाने होतो, म्हणून त्यांनी जंतू मारणारं सल्फापिरिडीन आणि सॅलिसिलिक आम्लाचा भाऊबंद यांची गाठ मारून एक औषध बनवलं. ती गाठ तुझं पोट सोडवू शकत नाही, छोटं आतडं नाही, लिव्हर नाही. गोळीचा मोठा भाग जसाच्या तसा मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू ती गाठ कापतात. मगच दोन तुकडे मोकळे होतात, सल्फापिरिडीन रक्तात जातं आणि सांध्यांसाठी उपयोगी पडणारा भाग मुख्यतः तोच समजतात. जिवाणू नसलेल्या उंदरांना दिली तर गाठ सुटतच नाही. म्हणजे तू सहा वर्षं जिवाणूंकडूनच औषध तयार करून घेतेयस, सकाळ-संध्याकाळ, फुकटात.

गराडूप्रेमी, इंदूर | ११:३८

काय सांगतेस!! मला वाटायचं लघवी पिवळी करणारी ती नारिंगी गोळी म्हणजे उगाच भरतीला दिलीये, खरं काम मेथोट्रेक्सेट करतं. मध्ये एकदा पंधरा दिवस विसरले पण होते, डॉक्टरांना सांगितलं नाही. आता सांगते.

आणि एक, मागच्या वर्षी दात काढला तेव्हा अँटिबायोटिक्सचा कोर्स झाला होता. म्हणजे तेव्हा माझे गाठ सोडवणारे पण गेले असतील?

पेट्रीडिश, बडोदा | ११:४४

काही गेले असतील, काही दिवस काम मंदावलं असेल, पुन्हा वाढतात. पण हा प्रश्न लिहून ठेव आणि डॉक्टरांना विचार, गोळ्यांची पूर्ण यादी घेऊन जा. मेथोट्रेक्सेटवर असताना प्रत्येक अँटिबायोटिक चालत नाही, काहींनी त्याची रक्तातली पातळी वाढते, दाताच्या डॉक्टरांनाही आधी सांगायचं असतं. आणि बरणीचा फोटो पण ने, डॉक्टरांकडे चारच मिनिटं असली तरी फोटो दाखवायला पाच सेकंद लागतात.

होळकरी_बाणा, इंदूर | ११:५०

ताई बरणी परत घेतील का त्या काकू?

गराडूप्रेमी, इंदूर | दुसऱ्या दिवशी, सकाळी ८:३०

नाही घेतली. म्हणाल्या कंपनीचं धोरण. बहिणीला रात्री फोन केला, आधी फुगली, मग लष्करवाल्यांच्या डोळ्याचं सांगितलं तेव्हा गप्प झाली. मग म्हणाली 'मी पण घेऊन राहिले होते गं, गुडघ्यासाठी'. तिला मेथोट्रेक्सेट वगैरे काही नाही, साधा घासलेला गुडघा आहे, पण आता दोघी मिळून येत्या गुरुवारी तिच्या हाडांच्या डॉक्टरांकडे जातोय.

रामबागेतली_मामी, इंदूर | ८:४२

बरं झालं. पावडर बेसिनमध्ये ओतू नकोस, बुळबुळीत होऊन नळी तुंबेल, मळीवाल्यांनी सांगितलंच आहे. कचऱ्याच्या गाडीत ओल्या कचऱ्यात टाक. आणि बरणी काचेची आहे का? झाकण घट्ट असेल तर धुऊन घे, जिरावन मसाला ठेवायला बरी, आमच्याकडचं प्लॅस्टिकच्या डब्यात दमट होतं.

गराडूप्रेमी, इंदूर | ८:५५

काचेचीच आहे मामी. झाकण इतकं घट्ट आहे की नवऱ्याला उघडायला सांगितलंय.